साडेतीन इंची पुली आणि बिनबोर्डाचं दुकान

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पुली, म्हणजे शाफ्टवर बसून बेल्ट ओढणारं चाक, घ्यायला गेलं की दुकानदार साधारण एकच प्रश्न विचारतो, "किती इंची?" आकडा सांगितला की तो मागं वळतो, फळीवरून पुली काढतो, फडक्यानं पुसतो आणि पैसे सांगतो. मी ज्या दुकानाबद्दल लिहितोय तिथं हा प्रश्न चौथा आला. पहिला होता, "मशीन कुठलं?" दुसरा, "ते किती फिरायला पायजे?" आणि तिसरा, "मोटरीची पाटी वाचलीसा काय?" तिन्हींपैकी पहिल्याचंच उत्तर माझ्याकडं होतं.

दुकानाचं नाव देत नाही. एक तर दुकानावर बोर्ड नाही. शटरवर कधीकाळी ऑइलपेंटनं काहीतरी लिहिलं होतं, त्यातलं 'वर्क्स' तेवढं उरलंय. दुसरं म्हणजे मालकांनीच सांगितलं, "नाव टाकू नका पाव्हणं, हाय तीच कामं वेळंत हुईनात." सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणेन. आत दोन लेथ, एक स्लॉटिंग मशीन, एक ग्राइंडर आणि भिंतीला लागून कच्च्या पुल्यांची उतरंड. बिडाच्या ओतीव पुल्या, मधे बारीक भोक, वर अजून मोल्डिंगची वाळू चिकटलेली. गिऱ्हाईक आलं की त्यातली एक उचलायची, हवा तो बोअर, म्हणजे शाफ्टचं भोक, करायचा, चावीची (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून घालायच्या पट्टीची) खाच मारायची. तयार पुलीचं कपाट तिथं नाहीच.

माझं काम सांगलीत. देव्हारे, चौरंग, पोळपाट, सणासुदीला मखरं. देव्हारा म्हटलं की महिरप आली, आणि महिरप म्हटलं की वळण कापायला पट्टीची करवत, म्हणजे बँडसॉ. इतकी वर्षं वळणाचं काम बाहेरून करून घेत होतो. गेल्या वर्षी मिरजेकडच्या एका जुन्या मिशन वर्कशॉपमधलं सामान निघालं, त्यात हे मशीन मिळालं. १४ इंची चाकांचा डेल्टा बँडसॉ, अमेरिकेतल्या मिलवॉकीचा. डेल्टा कंपनी तिथं १९१९ मध्ये सुरू झाली आणि १९४५ मध्ये रॉकवेलनं ती घेतली. माझ्या मशीनच्या पाटीवर रॉकवेलचा उल्लेख नाही, त्यामुळं ते त्याच्या आधीचं किंवा त्याच सुमाराचं असावं असं मी धरून चाललोय. सांगाडा बिडाचा, टेबल ४५ अंशांत कलतं, आणि ऐंशीएक वर्षांनंतरही वरच्या चाकाला हातानं झोका दिला तर ते चांगला वेळ फिरत राहतं. ही यंत्रं बघितली की आजकालच्या पत्र्याच्या मशीनवर हात ठेवावासा वाटत नाही.

मोटर मात्र मेलेली होती. पाटीवर ११५ व्होल्ट, ६० सायकल (म्हणजे आजचे हर्ट्झ), १७२५ आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), अर्धा हॉर्सपॉवर. कुणीतरी कधीतरी ती सरळ आपल्या २३० व्होल्टवर जोडली असणार. वाइंडिंग कोळसा. मी पाटी बघितली, व्होल्ट बघून मान हलवली आणि बाकीचं वाचलंच नाही. चूक तिथं सुरू झाली.

सांगलीतल्या एका मोटरवाल्याकडं गेलो. (त्याचंही नाव राहू दे.) त्यानं एक हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर दिली. म्हणाला, "ही २८८० ची आहे, जास्त फिरते, जास्त काम देते." माझा भाचा माझ्याबरोबर काम करतो, त्याला हे फारच पटलं. "मामा, वेग जास्त तर कट स्वच्छ." जुन्या मोटरीची तीन इंची पुली होती, तिचं भोक पाव-अर्ध्या तासात लेथवर मोठं करून घेतलं आणि बसवली.

तीन आठवडे चाललं ते. चाललं म्हणजे फिरलं. टेबलावर चहाचा कप ठेवला तर चहा कडेनं सांडायचा. सागवानाचा कट काळा पडायचा, करपल्यासारखा वास. चाकांवरच्या रबराला बोट लावलं तर चटका. आणि पट्ट्या तुटायच्या. तीन आठवड्यांत चार. जिथं जोड दिलेला असतो तिथं तुटली तर जोडणाऱ्याला शिव्या घालता येतात. या भलत्याच ठिकाणी तुटत होत्या. चौथी तुटली तेव्हा झाकणाच्या आत जो आवाज झाला, त्यानंतर भाच्यानं "स्वच्छ कट" हा शब्द काढलेला नाही.

मग एका वाइंडिंगवाल्यानं अण्णांचं दुकान सांगितलं. मोटर, दोन्ही पुल्या आणि बेल्ट पोत्यात घालून सांगली-कोल्हापूर एसटीनं गेलो. कंडक्टरनं पोत्याचं अर्धं तिकीट लावलं, ते वेगळं.

अण्णांनी पोतं उघडलं तेव्हा आधी मोटर बघितली नाही, पुली बघितली. भोकात करंगळी घालून फिरवली आणि बोट माझ्यापुढं धरलं. बोटाला तांबडी पूड लागली होती, कुंकवासारखी बारीक. "गंज म्हणतासा? गंज न्हाई. ही पुली शाफ्टवर खेळतीया." मग त्यांनी मायक्रोमीटर काढला. मोटरीचा शाफ्ट १९ मिलिमीटर. पुलीचं भोक १९.०५. सांगलीतल्या लेथवाल्यानं १९ म्हणजे पाऊण इंचच की, असं म्हणून पाऊण इंचाचं रीमर घातलं होतं. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. फरक पाच शतांश मिलिमीटरचा. टर्नरच्या भाषेत दोन थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

दोन थाऊंनी काय होतं, असं मला वाटलं आणि मी तसं म्हणालोही. अण्णांनी वाद घातला नाही. पुली शाफ्टवर बसवली, तिला धरून ठेवणारा ग्रब स्क्रू आवळला, आणि डायल गेजचा काटा कडेला टेकवून शाफ्ट हातानं सावकाश फिरवला. काटा जाऊन येऊन करत होता. स्क्रू आवळला की पुली एका अंगाला ढकलली जाते, समोरच्या अंगाला फट राहते. मोटर चालू झाली की प्रत्येक फेऱ्यात ती फट जागा बदलायला बघते. धातूवर धातू घासतो, त्याचीच ती तांबडी पूड. आणखी दोन-चार महिन्यांत चावीनं खाच खाल्ली असती.

गंमत अशी की मशीनच्या खालच्या चाकाचा शाफ्ट खरोखरच पाऊण इंचाचा आहे. अमेरिकन मशीन, इंचातलं. म्हणजे एकाच बेल्टच्या एका टोकाला पाऊण इंच आणि दुसऱ्या टोकाला १९ मिमी. चाव्याही वेगळ्या. मशीनवर तीन षोडशांश इंचाची, मोटरीवर ६ मिमीची. जुनी परदेशी मशीन आणि नवी देशी मोटर यांची सोयरीक लावताना नेमकं इथंच फसायला होतं, कारण दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसतं. अण्णांकडं लेथवर काम करणारा विशीतला पोरगा आहे. त्याला बोअर सांगताना ते आकडा सांगतच नाहीत. शाफ्टच त्याच्या हातात देतात. "ह्येला बसंल आसं कर." बारीकशी गोष्ट आहे, पण मी हे दुकान लक्षात ठेवलं ते याच गोष्टीसाठी.

मग आला वेगाचा हिशोब. तो त्यांनी खडूनं लेथच्या बेडवर केला.

बँडसॉला चाकाच्या फेऱ्यांपेक्षा पट्टीचा वेग महत्त्वाचा. या मापाच्या लाकडाच्या बँडसॉची पट्टी मिनिटाला साधारण ३००० फूट धावायला पाहिजे. १४ इंची चाकाचा घेर ४४ इंच, म्हणजे ३ फूट ८ इंच. ३००० ला त्यानं भागलं की चाक मिनिटाला ८१८ वेळा फिरायला हवं. झालं, हा आकडा ठरला. मोटर कुठलीही असो, बदलायचं ते पुलीत.

"आता तुमी काय केलंयसा ते बगू," म्हणाले. मशीनवरची पुली बाहेरून ६ इंची, मोटरीवरची ३. मी तोंडी हिशोब केला, २८८० चे निम्मे १४४०. अण्णांनी मान हलवली. व्ही बेल्ट पुलीच्या बाहेरच्या कडेवर फिरत नाही, तो खाचेच्या आत बसतो. बेल्टच्या जाडीत एक रेघ असते जी वळताना ना ताणते ना आकसते. हिशोब त्या रेघेच्या व्यासाचा, त्याला पिच व्यास म्हणतात. ए सेक्शनच्या (हे बेल्टच्या जाडी-रुंदीचं एक ठरलेलं माप) बेल्टला बाहेरच्या व्यासातून साधारण ६.६ मिमी वजा करायचे. ६ इंची पुलीचा पिच व्यास १४५.८ मिमी, ३ इंचीचा ६९.६. निम्म्याहून कमी. तेव्हा चाकाच्या फेऱ्या येतात १३७५ आणि पट्टीचा वेग ५००० फुटांच्या वर. मोठ्या पुलीत हा फरक दिसत नाही, लहान पुलीत ६-७ मिमी म्हणजे आठ-नऊ टक्के जातात.

१३७५ म्हणजे पाहिजे त्याच्या पावणेदोन पटीच्या जवळ. पण चाकाच्या कडेवरचा बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, तो झाला पावणेतीन पट. चहा का सांडत होता ते कळलं. आणि पट्टी ९३ इंचांच्या आसपासची, ती प्रत्येक फेरीत दोन्ही चाकांवर वाकते आणि सरळ होते. ३००० फुटांच्या वेगाला सेकंदाला सहा-सात फेऱ्या पुरतात, माझी जवळजवळ अकरा मारत होती. तार सारखी मागं-पुढं वाकवून तोडतो ना, तसंच ते.

आता मला वाटलं सोपं आहे. मोटर तीच ठेवू, पुली लहान करू. तसं बोललो. अण्णांनी खडूनं पुढं मांडलं. २८८० ला ८१८ पर्यंत आणायचं तर साडेतीनास एक प्रमाण. १४५.८ भागिले साडेतीन, पिच व्यास ४१-४२ मिमी. बाहेरून दोन इंचसुद्धा नाही. ए सेक्शनच्या बेल्टला ७५ मिमीपेक्षा लहान पिच व्यास देऊ नये असा नियम आहे. एवढ्या लहान पुलीवर बेल्ट इतका मोडून वळतो की आतून तडे जातात, पकडायला जागा कमी म्हणून घसरतो, घसरला की तापतो.

"मग मोठी पुली आणखी मोठी करू?" मी.

"झाकणात बसंल काय?"

बसत नव्हती.

"तर मग पुली देत न्हाई. मोटर बदला. १४४० ची घ्या, चार पोलची. आन मग या."

धंदा हातात असताना 'देत नाही' म्हणणारा दुकानदार मी फार बघितलेला नाही. त्या दिवशी मी रिकाम्या हातानं परत आलो, म्हणजे पोतं तेवढंच जड होतं. सांगलीच्या मोटरवाल्यानं कुरकुर करून आणि थोडे पैसे कापून मोटर बदलून दिली. नवी मोटर एकच हॉर्सपॉवर, चार पोल, पाटीवर १४४०, शाफ्ट पुन्हा १९.

तोवर घरी बसून मी जुन्या जळक्या मोटरीची पाटी पहिल्यांदा पूर्ण वाचली. ६० सायकल. आपली वीज ५० ची. मोटरीचा वेग विजेच्या सायकलवर आणि पोलच्या, म्हणजे वाइंडिंगच्या चुंबकी ध्रुवांच्या, संख्येवर ठरतो. १२० गुणिले सायकल, भागिले पोल. चार पोलची मोटर तिकडं १८०० ला बांधलेली, भार पडला की १७२५ वर येते. तीच आपल्याकडं १५०० ला बांधलेली, भाराखाली १४४० च्या आसपास. म्हणजे अमेरिकन मशीनवरची मूळ पुली आपल्या मोटरीला लावली की मशीन आपोआप सहाव्या हिश्श्यानं मंदावतं. जुन्या तीन इंची पुलीचा हिशोब १७२५ वर करून बघितला. ८२३ फेऱ्या. पट्टी ३०१८ फूट. ऐंशी वर्षांपूर्वीच्या माणसानं बरोबर मांडून ठेवलं होतं, मी ते वाचलं नव्हतं इतकंच.

तेव्हा जुनं अमेरिकन मशीन कुणी घेत असेल तर एवढं करा. मोटर जळकी असली तरी भंगारात घालण्याआधी पाटीचा फोटो काढा. इंग्लंडची जुनी मशीनं घेतली तर हा घोळ नाही, तिकडंही ५० च. तिथं दुसरे घोळ आहेत, पण तो विषय वेगळा.

दुसऱ्या खेपेला काम झालं. १४४० ला ८१८ म्हणजे पावणेदोनास एक. १४५.८ ला त्यानं भागून ८३ मिमी पिच व्यास, त्यात ६.६ मिळवले की ८९.६. साडेतीन इंच म्हणजे ८८.९. अण्णांनी उतरंडीतून एक कच्ची पुली काढली, हातोडीनं टिचकी मारून आवाज ऐकला, ठेवून दिली. दुसरी काढली, टिचकी मारली, ही पोराकडं दिली. पहिलीत काय वाईट होतं विचारलं तर म्हणाले, "बद्द वाजली. आत पोकळ आसंल." भट्टीतून येताना आत हवा राहिली की असं होतं. तयार, रंगवलेल्या पुलीला ही टिचकी कोण मारून बघणार?

मोठी पुली त्यांनी उन्हात नेली आणि तिरकी करून खाचेत बघायला लावलं. खाचेचा तळ चकचकीत होता, आरशासारखा. मला वाटलं चांगलं लक्षण. नाही. व्ही बेल्टनं तळाला कधी शिवायचंच नसतं, तो दोन्ही बाजूंच्या भिंतींत पाचरीसारखा अडकून ओढतो. तळ चकाकतोय याचा अर्थ भिंती झिजून बेल्ट खाली बसलाय, आणि पाचर संपली की पकडही संपली. मग माणूस बेल्ट आणखी ताणतो, आणि बेअरिंग जातं.

त्यांच्याकडं पत्र्याची मापं आहेत, खाचेत घालून बघायची. लहान पुलीला ३४ अंशांची, मोठीला ३८. बेल्ट स्वतः ४० अंशांचा असतो. पण लहान पुलीवर वळताना त्याचा आतला भाग दाबून फुगतो आणि कोन कमी होतो, म्हणून लहान पुलीची खाच जास्त उभी. तयार पुल्यांत बऱ्याचदा सगळ्यांना एकच कोन मारलेला असतो, तो फरक डोळ्याला कळत नाही. पोरानं मोठ्या पुलीच्या भिंती घासून सरळ केल्या, मग बेल्ट घालून बघितला. नीट बसलेला बेल्ट पुलीच्या कडेशी सपाट लागतो, बोट फिरवलं तर पायरी जाणवत नाही. हे बोट फिरवणं त्यांनी माझ्याकडून करून घेतलं.

बेल्टही बदलला. आधीचा ए-४४, म्हणजे ए सेक्शनचा ४४ इंची, आता ए-४५. पुली अर्ध्या इंचानं वाढली की बेल्ट पाऊण इंचानं वाढतो, कारण लहान पुलीवर तो निम्मा घेरच धरतो. मोटरीची जागा थोडी सरकवता येते म्हणून ४४ सुद्धा ओढूनताणून बसला असता. "ओढूनताणून कशापाय," म्हणाले.

आता तक्रारी. त्या आहेत.

गुरुवारी देतो म्हणाले, मिळालं पुढच्या मंगळवारी. मधे दोनदा फोन केला, दोन्ही वेळा पोरानं उचलला आणि दोन्ही वेळा "लेथवर चढलीया" असं सांगितलं. पाच दिवस एक पुली लेथवर चढत होती. सोमवारी दुकान बंद असतं हे मला तिथं गेल्यावर कळलं, सांगलीहून. बिल म्हणजे वहीचा फाडलेला कागद. ज्यांना जीएसटीचं बिल लागतं त्यांनी आधीच बोलून घ्यावं. पुलीला रंग नाही, साधं लाल ऑक्साइडसुद्धा नाही. पावसाळ्यात बीड दोन दिवसांत तांबडं होतं, मी घरी येऊन ब्रश मारला. आणि बसायला एकच स्टूल आहे, त्यावर मांजर असतं.

सगळ्यात मोठी तक्रार नंतर कळली. घरी मशीन जोडलं. आधी उलटं फिरलं, पट्टी खालून वर. थ्री फेजच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, सरळ झालं. मग चमकीचा तुकडा चाकावर चिकटवून फेऱ्या मोजायचा टॅकोमीटर धरला. हिशोबानं ८१३ यायला हवे होते. आले ८५२. मी चिडलो. इतकं थाऊमाऊ करून शेवटी चाळीस फेऱ्यांचा फरक?

फोन लावला. या वेळी अण्णांनीच उचलला.

"लाकूड लावलासा का?"

"नाही, रिकामं."

"रिकामी मोटर १४४० फिरती असं कोण म्हणालं? पाटीवरचा आकडा भाराचा. रिकामी ती पंधराशेच्या जवळ जाती. लाकूड लावा आन मग बगा."

चार इंची सागाचा ओंडका लावला, भाचा टॅकोमीटर धरून बसला. ८२१. तरीही ८१३ नाही. पुन्हा फोन. आता थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "मोटी पुली बाहेरनं किती भरती?" व्हर्निअर लावला. १४९. सहा इंच म्हणजे १५२.४ असायला हवी. झिजलेल्या भिंती घासल्या तेव्हा खाच रुंद झाली, बेल्ट आत बसला, म्हणून कडेची उंची त्याच्याशी जुळवायला पोरानं बाहेरून साडेतीनेक मिलिमीटर उतरवले होते. काम बरोबर, पण मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या हिशोबातला १४५.८ आता १४२.४ झाला होता.

"मग चुकलं म्हणायचं का?" मी विचारलं.

"किती आलंय म्हणालासा?"

"८२१."

"पायजे किती हुतं?"

८१८. मी गप्प. न उतरवता ८१३ मिळाले असते, तेही बेल्ट जराही घसरला नाही असं धरून. उतरवल्यामुळं आकडा आणखी जवळ आला. हे त्यांनी मुद्दाम केलं की योगायोगानं झालं हे विचारलं तर हसले, उत्तर दिलं नाही. मला अजूनही वाटतं योगायोगच. पण गिऱ्हाइकाच्या पुलीचा व्यास बदलला तर कागदावर तेवढा एक आकडा लिहून द्यायला काय जातं? याचा अर्धा तारा मी कापतोय. उशिराचा आणखी अर्धा. पाचातले चार.

पैसे: साडेतीन इंची पुली बोअर आणि चावीसकट ४५०, मोठी पुली दुरुस्त करायचे ३००, बेल्ट शेजारच्या दुकानातून वेगळा घेतला. तयार पुली याच्या निम्म्यात मिळते. नवं मशीन असेल, मोटर त्याच्याबरोबर आलेली असेल, फक्त पुली फुटली म्हणून बदलायची असेल, तर इथं येऊ नका. तयार दुकानात जा, दहा मिनिटांत सुटाल. फोनवर 'साडेतीन इंची पाठवून द्या' असं सांगायची सवय असेल तरी येऊ नका, ते पाठवणार नाहीत. पण मशीन तुमच्या वडिलांच्या वयाचं असेल, पाटी अर्धी पुसलेली असेल, मोटर कुठली लावायची इथपासून सुरुवात असेल, तर शाफ्ट, दोन्ही पुल्या आणि मोटरीच्या पाटीचा फोटो घेऊन जा. मशीनच्या चाकाचं किंवा कटरचं मापही न्या. तेवढं नेलंत तर एका खेपेत काम होईल, मला जास्त लागल्या. आणि सोमवार टाळा.

मशीन आता सहा महिने चालू आहे. पट्टी एकच तुटली, तीही जोडावर. टेबलावर चहा ठेवतो, सांडत नाही, भुसा पडतो तेवढा. गेल्या गणपतीत अकरा मखरं गेली, सगळ्यांच्या महिरपी घरच्या मशीनवर कापलेल्या. भाचा आता कुणाचंही मशीन बघितलं की आधी वाकून मोटरीची पाटी वाचतो. त्याच्या लग्नासाठी मुलगी बघायला गेलो तिथंही त्यानं पिठाच्या गिरणीची वाचली.

जुनी तीन इंची पुली परत आणताना मी अण्णांना म्हणालो होतो, भोक बिघडलंय, बीड म्हणून भट्टीत टाका. त्यांनी ती फडक्यानं पुसली आणि माझ्याच पोत्यात टाकली.

"बुश मारून भोक नीट करता येतंय. ठेवा. मशीन कदी अमेरिकंला परत गेलं तर तिथं हीच लागणार."